तारामती रंगवणारे अण्णा साळुंके

दर वर्षी ३ मे जवळ आला की एक वाद ठरल्या वेळी डोके वर काढतो. १९१३ साली याच तारखेला मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी खुला झाला, आणि त्या निमित्ताने भारतीय चित्रपटाची ‘पहिली नायिका’ कोण, याची चर्चा रंगते. एक बाजू सांगते की पहिली नायिका पुरुष होती. ग्रँट रोडच्या खानावळीतला एक स्वयंपाकी लुगडे नेसून तारामती झाला, काय गंमत आहे पाहा. दुसरी बाजू चिडून उत्तर देते की हा मान फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रपटात काम केलेल्या कमलाबाई गोखले यांचा आहे आणि बायकांच्या जागा अडवून बसलेल्या पुरुषांचे कौतुक आता पुरे झाले. त्या स्वयंपाक्याचे अण्णा हरी साळुंके हे नाव दोन्ही बाजूंना ठाऊक असते, पण त्या नावाच्या माणसाशी दोघींनाही काही देणेघेणे नसते. एकीला ते प्रश्नमंजूषेतल्या उत्तरापुरते लागतात आणि दुसरीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यापुरते.

माझे मत मी आधीच सांगून टाकतो. ‘पहिली नायिका’ हा मान कमलाबाईंचा आहे आणि तो त्यांना निर्विवाद देऊन हा वाद कायमचा मिटवावा. साळुंक्यांना त्या मानाची गरज नाही. आपल्या चित्रपटाच्या पहिल्या पिढीतले ते एक नट होते, पुढे कॅमेरामागे उभे राहिलेले छायालेखक होते, आणि १९१३ पासून १९३१ पर्यंत, म्हणजे मूकपटांच्या जवळजवळ संपूर्ण काळात, ते या धंद्यात पाय रोवून होते. अठरा वर्षांच्या या कामाकडे काम म्हणून पाहण्याऐवजी आपण शंभर वर्षे त्यांच्या लुगड्याकडेच पाहत राहिलो आहोत. त्यामुळे साळुंक्यांवर तर अन्याय होतोच, पण ज्या स्त्रियांच्या बाजूने भांडतो असे आपण म्हणतो त्यांचाही इतिहास त्यात झाकला जातो.

आधी घडले काय, ते नीट पाहू. १९१२ मध्ये फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले, दादरच्या मेन रोडवर त्यांनी आपला कारखाना मांडला आणि माणसे शोधायला सुरुवात केली. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामती मात्र मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, ओळखीपाळखीत विचारून झाले, आणि शेवटी ज्या वस्तीत सभ्य म्हणवणारा माणूस दिवसाउजेडी पाऊल टाकत नाही तिथेही फाळके जाऊन आले, तर तिथूनही नकारच पदरी पडला. नाटकात काम करणे कमीपणाचे मानले जात असले तरी नाटक मंडळीच्या नावाला निदान वजन होते. सिनेमात काम करणे म्हणजे नेमके काय करणे, हेच लोकांना उमगले नव्हते. ही लाज केवळ स्त्रियांपुरती नव्हती. कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात काम करतो असे सांगा, अशी ताकीद फाळक्यांनी आपल्या माणसांना देऊन ठेवली होती. कारखाना म्हटले की घरच्यांच्या कपाळावरची आठी उतरत असे.

अशा वेळी खानावळीत महिना दहा रुपयांवर काम करणारे साळुंके फाळक्यांच्या नजरेस पडले. त्यांचा सडपातळ बांधा आणि नाजूक हात पाहून फाळक्यांनी विचारले आणि पंधरा रुपयांवर ते दादरला आले, अशी हकिगत सांगतात. मिशी उतरवण्यावरून अडले, कारण वडील हयात असताना मिशी काढणे अशुभ, असेही सांगतात. एवढी हकिगत सगळ्यांना पाठ असते आणि नेमकी इथेच ती थांबते. पंधरा रुपयांवर आलेल्या या माणसाने नंतर काय केले, हे विचारावेसे कोणाला वाटत नाही.

त्याच कारखान्यातल्या एका बाईंचा उल्लेखही या वादात येत नाही. सरस्वतीबाई फाळके दिवसभर साठ-सत्तर माणसांचे जेवणखाण सांभाळत, आणि कच्च्या फिल्मला भोके पाडणे, चित्रित झालेली फिल्म धुणे ही कामेही करत. म्हणजे खानावळीतला स्वयंपाकी राणीच्या वेशात उन्हात उभा होता आणि घरची बाई चूल सांभाळून अंधाऱ्या खोलीत रसायनांत हात घालून बसली होती. या चित्रपटातली पहिली स्त्री शोधायचीच असेल, तर पडद्यावर नाही म्हणून ती नव्हतीच असे कसे म्हणता येईल? पण ‘नायिका’ या एका शब्दाने आपले डोळे असे बांधले आहेत की पडद्यापलीकडचे कष्ट आपल्या मोजदादीत धरलेच जात नाहीत.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरोखरच भक्कम आहे. ‘बाई मिळेना म्हणून पुरुष घेतला’ ही सबब पहिल्या चित्रपटापुरती मान्य केली, तरी फाळक्यांच्या दुसऱ्याच चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दोन स्त्रियांनी काम केले. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन मुलीसह फिरत्या नाटक मंडळीत आलेल्या दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाली. बाई मिळू शकते, तिच्यावर आकाश कोसळत नाही, हे सिद्ध झाले होते. तरीही १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये सीता कोण? पुन्हा साळुंकेच, आणि एवढेच नव्हे, तर रामही तेच. मग ही नड होती की सवय?

मला प्रामाणिकपणे वाटते की १९१७ पर्यंत ती बऱ्याच अंशी सवय झाली होती, आणि ती सवय स्त्रियांना महागात पडली. पुरुषाने स्त्रीपार्ट करणे जोवर सोयीचे आहे तोवर स्त्रीसाठी दार उघडण्याची घाई कोणाला होणार? हा आरोप मी पूर्णपणे मान्य करतो. पण तो कोणावर ठेवायचा, याचा विचार वादाच्या भरात कोणी करत नाही. सीता कोणाला द्यायची हे ठरवणारा माणूस वेगळा होता, भांडवल घालणारे वेगळे होते, आणि घरच्या लेकीसुनांना या धंद्याची सावलीही लागू न देणारा समाज तर दोघांपेक्षा मोठा होता. त्या समाजाचा वचक किती होता, ते कोल्हापुरात दिसले. बाबूराव पेंटर यांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनुसूयाबाई यांनी काम केले, त्यांना पडद्यासाठी कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी वेगळी नावे घ्यावी लागली, आणि लोकांनी वाळीत टाकल्यागत वागवल्यामुळे स्टुडिओच्या आवारातच राहावे लागले. त्यांना वाळीत टाकणारे कोणी स्त्रीपार्टी नट नव्हते. ते तिकीट काढून ‘सैरंध्री’ पाहणारे तुमच्याआमच्यासारखे लोक होते. त्या सगळ्यांना सोडून पंधरा रुपयांवर राबणाऱ्या एका नटाकडे बोट दाखवणे म्हणजे गिरणीच्या मालकाचा हिशेब पहारेकऱ्याकडे मागण्यासारखे आहे.

दुर्गाबाई आणि कमलाबाई यांच्या धैर्याची खरी किंमतही या वादात कळत नाही. ‘पहिली’ म्हणून कमलाबाईंचे नाव घेतले की आपले कर्तव्य संपते. वास्तविक त्या पहिल्या ठरल्या त्यामागे एका परित्यक्तेसारखे जिणे आलेल्या आईने मुलीला घेऊन रंगभूमीवर पोट भरण्याचा घेतलेला निर्णय होता. ज्यांची समाजातली जागा आधीच हिरावली गेली होती त्यांनाच या नव्या धंद्यात पाऊल टाकणे शक्य झाले. पुढे वैधव्य आल्यावर कमलाबाईंनी अभिनयाच्या बळावर मुले वाढवली. चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले नातू. हा मोठा इतिहास आहे आणि तो सांगायला साळुंक्यांना खाली ओढावे लागत नाही. तारामतीच्या वेळी जो नकार फाळक्यांना सगळीकडून मिळाला, तो नीट समजून घेतला तरच मोहिनीच्या वेळी मिळालेल्या होकाराचे वजन कळते. दोन्ही गोष्टी एकामागोमाग घडल्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या, की एकमेकींविरुद्ध झुंजवायच्या?

दुसरा आक्षेप कलेचा आहे. नाटकात प्रेक्षक लांब बसतो, दिवे मंद असतात, गाणे कानाला भूल घालते, त्यामुळे पुरुषाची स्त्री खपून जाते. कॅमेरा मात्र निर्दय असतो, त्याला दंड दिसतो, मनगट दिसते, हनुवटीचे हाड दिसते. ‘लंकादहन’मधल्या सीतेचे पिळदार दंड दिसत होते, असे सांगतातच. या आक्षेपाच्या बाजूने आणखी एक मोठा पुरावा मी स्वतःच देतो. खुद्द बालगंधर्वांनी १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’ या बोलपटात मीरा रंगवली, आणि ज्या माणसाच्या लुगडे नेसण्याची नक्कल घरंदाज बायका करत, त्याची मीरा पडद्यावर लोकांनी स्वीकारली नाही. मग साळुंक्यांची तारामती ही केवळ प्रेक्षकाच्या अडाणीपणावर तरून गेली, असेच म्हणायचे ना?

नाही. १९३७ पर्यंत प्रेक्षक सोळा-सतरा वर्षे पडद्यावर स्त्रियांना पाहत आला होता, आणि बालगंधर्वांचे वयही पन्नाशीच्या घरात गेले होते. १९१३ चा प्रेक्षक वेगळ्या तालमीत तयार झालेला होता. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेच्या रूपाने नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, रंगभूमीवर उभे राहिले तेव्हापासून, आणि त्याआधी भाऊराव कोल्हटकरांच्या काळापासून, मराठी माणूस पुरुषाच्या देहातून स्त्री वाचायला शिकलेला होता. हे अडाणीपण नव्हते, ती एक रसिकता होती. समोर पुरुष आहे हे ठाऊक असूनही शकुंतलेच्या पाठवणीला डोळे पुसण्याची ताकद तिच्यात होती. ‘लंकादहन’मध्ये पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढून ठेवत, अशी आठवण सांगितली जाते. त्याच खेळात, त्याच माणसाच्या सीतेसाठी त्यांचा जीव अशोकवनात तुटत असे. ज्याला देव म्हणून हात जोडले, त्याच चेहऱ्यात थोड्या वेळाने बंदिवासातली स्त्री दिसावी, हे काय नुसत्या वेशभूषेने साधते? भारतीय पडद्यावरची पहिली दुहेरी भूमिका म्हणून याची नोंद होते, पण नोंदीपेक्षा मोठी गोष्ट ही आहे की एका नटाने दोन भिन्न देहबोली एका शब्दाच्याही आधाराविना लोकांच्या गळी उतरवल्या.

आणि वेषांतराचाच आक्षेप असेल, तर तो एकाच दिशेने का लावला जातो? १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची सात-आठ वर्षांची मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाचा सुरुवातीचा भाग आज पाहता येतो आणि प्रत्येकाने तो पाहावा असा आहे. कथा सुरू होण्याआधी ती लहान मुलगी कॅमेऱ्याकडे तोंड करून एकामागून एक भाव दाखवते. हसू, राग, भीती, लाज. चेहऱ्यावरचा एक भाव निवून दुसरा चढताना स्पष्ट दिसतो. मग आपल्या डोळ्यांदेखत ती मुलगी विरघळत जाते आणि तिच्या जागी मोरपीस लावलेला कृष्ण उभा राहतो. हे कोण आहे ते पाहा, आता हीच व्यक्ती दुसरे कोणीतरी होणार आहे, असे फाळके प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतात. काही लपवत नाहीत. मुलीने मुलगा रंगवला म्हणून मंदाकिनीला कोणी हसत नाही, आणि हसूही नये. १९२७ मध्ये सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, यांनी एकाच चित्रपटात आठ रूपे घेतली आणि त्यात पुरुषांची रूपेही होती. ती त्यांच्या अष्टपैलुत्वाची साक्ष ठरली. मग साळुंके तेवढे गमतीचा विषय का?

तुलना बालगंधर्वांशीच करून पाहावी. ज्या १९१३ साली साळुंके तारामती झाले, त्याच वर्षी जुलै महिन्यात गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. एक माणूस दादरच्या उन्हात मुक्याने स्त्री रंगवत होता, दुसरा गॅसबत्तीच्या प्रकाशात गात गात. पहिल्याच्या वाट्याला स्पर्धेतला एका गुणाचा प्रश्न आला, दुसऱ्याला पद्मभूषण मिळाले आणि पुण्यात त्याच्या नावाने रंगमंदिर उभे राहिले. बालगंधर्वांची थोरवी मी रतिभरही कमी करत नाही. त्यांचे गाणे हाच एक वेगळा चमत्कार होता आणि त्या तोलाची गोष्ट साळुंक्यांकडे नव्हती. पण बालगंधर्वांबद्दल लिहिताना आपण स्त्रीपार्टाला कला मानतो आणि साळुंक्यांबद्दल लिहिताना तोच स्त्रीपार्ट अडचणीतून काढलेली वाट ठरतो, हा भेद कलेच्या कसोटीवर टिकतो का?

हा भेद आपल्या भाषेतच मुरलेला आहे. या विषयावरचे लेख वाचताना माझ्या एक गोष्ट वारंवार ध्यानात आली आणि ती मला फार लागली. फाळके ‘आले’, ‘त्यांनी’ ठरवले; बालगंधर्व ‘गायले’, ‘त्यांनी’ रसिकांना वेड लावले; साळुंके मात्र ‘तो’ स्वयंपाकी, ‘त्याने’ मिशी काढली, ‘तो’ तारामती झाला. मराठीत एकेरी हे प्रेमाचेही असते हे मला मान्य आहे. आवडत्या गायिकेला, खेळाडूला, विठोबालाही आपण एकेरीतच हाक मारतो. पण ते एकेरी जवळिकीतून येते. साळुंक्यांच्या वाट्याचे एकेरी खानावळीतून आलेले आहे. ज्याने आपल्याला वाढले त्याला अहोजाहो करायची आपली सवय नाही, आणि तो माणूस पुढे नट झाला, छायालेखक झाला, तरी शंभर वर्षांनी लिहिणाऱ्याची लेखणी त्याला खानावळीतच उभे ठेवते.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो वरवरचा नाही. ते म्हणतात, साळुंके कसे नट होते हे ठरवायला पाहण्याजोगे उरले आहे तरी काय? भारतात सुमारे तेराशे मूकपट तयार झाले; त्यांतले आज जेमतेम तीसेक हाती लागतात आणि तेही बरेचसे तुकड्यांत. नायट्रेट फिल्म पेट घेई, दमट हवेत सडे, आणि बोलपट आल्यावर तिच्यातली चांदी काढण्यासाठी लोकांनी ती विकून टाकली. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी चार रिळे, ३,७०० फूट, आज पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे पाहायला मिळते, आणि तेही १९१३ चे की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीतले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘लंकादहन’चे तर काही मिनिटांपुरते तुकडे उरले. एवढ्याशा पुराव्यावर ‘महान नट’ असा निवाडा देता येत नाही, आणि मीही तो देत नाही. मात्र ज्या पुराव्यावर थोरवी ठरत नाही, त्याच पुराव्यावर थट्टा तरी कशी ठरते?

ही थट्टा कुठून येते ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी चित्रपट रसग्रहणाच्या एका वर्गात ‘राजा हरिश्चंद्र’चा उपलब्ध भाग दाखवला गेला. पाण्याच्या हौदात तारामती आणि तिच्या सख्या आहेत, सगळ्याच पुरुष, लुगडी भिजून अंगाला चिकटलेली, आणि तिथे हरिश्चंद्र येतो. वर्गात हशा पिकला. माणसे तुरुतुरु चालत होती, हात झटक्याने वर जात होते, चेहरे पिठात बुडवल्यासारखे दिसत होते. दाखवणाऱ्यांनी त्या हशाला अडवले नाही, आणि मलाही त्या वेळी काही सुचले नाही, याची रुखरुख आजही आहे. कारण त्या हशातले निम्मे श्रेय यंत्राचे होते. मूकपट हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर साधारण सेकंदाला सोळा चौकटी, म्हणजे सोळा स्थिर चित्रे, या वेगाने टिपले जात. तीच फिल्म आपण चोवीस चौकटींच्या यंत्रावर लावली की माणूस दीडपट वेगाने हालू लागतो. संथपणे उचललेला हात झटका बनतो, जडावलेली पावले धावपळ बनतात. चेहऱ्याचेही तसेच. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. तो काळपट उमटे आणि निळा रंग पांढरा पडे. कातडीतला लालसरपणा डागासारखा येऊ नये म्हणून तोंडाला पांढुरका लेप द्यावा लागे. त्या लेपाखालून, प्रखर उन्हात डोळे न मिचकावता, कॅमेरा एका जागी खिळलेला असताना आणि जवळून टिपलेल्या चेहऱ्याची सोय फारशी नसताना, दुःख शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचे होते. पडद्यावर येणाऱ्या पाट्या हिंदी आणि इंग्रजीत असत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना त्या कोणीतरी वाचून दाखवाव्या लागत. अशा प्रेक्षकासाठी नटाचा खांदा, मान आणि हाताची बोटे हेच संवाद होते. त्या अभिनयाला आजच्या मापाने ‘अतिरेकी’ म्हणणे म्हणजे मैदानावरच्या कीर्तनकाराला तो कानात का कुजबुजत नाही असे विचारणे आहे.

साळुंक्यांसारखा माणूस जगात एकटाही नव्हता. जपानमध्ये १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मूकपटांतल्या स्त्रिया काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारातले पुरुष नटच रंगवत. तेइनोसुके किनुगासा हे त्यांतलेच एक. निक्कात्सु कंपनीत वर्षानुवर्षे त्यांनी स्त्रीभूमिका केल्या, आणि खऱ्या स्त्रिया पडद्यावर येऊ लागल्या तेव्हा ते दिग्दर्शनाकडे वळले. १९५४ मध्ये कान महोत्सवात त्यांच्या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. जपानी चित्रपटाचा इतिहास सांगताना त्यांची स्त्रीपार्टाची वर्षे त्यांच्या शिक्षणाची वर्षे म्हणून सांगितली जातात. चेहरा कुठे वळवला की प्रकाश कसा पडतो, हालचाल कुठे तोडावी, हे त्यांना आतून माहीत होते असे मानले जाते. साळुंक्यांच्या बाबतीत आपण हा प्रश्न कधी विचारला का?

वास्तविक तो विचारण्यासारखाच आहे, कारण स्त्रीपार्टापेक्षा त्यांचे कॅमेऱ्यावरचे काम कितीतरी मोठे आहे. त्यांनी पडद्यावर केलेल्या भूमिका एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. छायालेखक म्हणून मात्र सुमारे तीस चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. फाळके नाशिकला गेले, १९१८ मध्ये तिथे हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली, आणि एकेकाळचे तारामती-सीता तिथे कॅमेऱ्याच्या पाठीशी उभे राहिले. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर काम करणे म्हणजे काय, हे क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. कॅमेऱ्याच्या दांड्याच्या एका फेऱ्याला आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, आणि हा ताल प्रसंगभर मनात मोजत राहायचा. समोर कोणी किंचाळो, कोणी कोसळो, घोडा उधळो, हात एका लयीतच फिरला पाहिजे. लय ढळली की पडद्यावर नट अडखळतो आणि दोष त्याच्या माथी येतो. समोर उभ्या असलेल्या नटाला किती वेळ श्वास रोखावा लागतो आणि ऊन डोळ्यांत आले की पापणी कशी थरथरते, हे ज्याने स्वतः भोगले आहे अशा माणसाच्या हातात ती लय होती. फाळक्यांनी ज्या हातांमुळे त्यांना निवडले म्हणतात, त्याच हातांनी पुढची अनेक वर्षे दुसऱ्यांचा अभिनय फिल्मवर उतरवला. ‘स्वयंपाकी नायिका झाला’ या एका वाक्याच्या गोष्टीत हे सारे कुठे बसते?

कोणी म्हणेल, लोकांना आठवण राहते ती गमतीमुळेच. गंमत काढून घेतली तर साळुंके हे नावही उरणार नाही. ही भीती अगदीच निराधार नाही. पण दाबके यांची कोणतीही गंमत सांगितली जात नाही, ते पहिले नायक होते हे निर्विवाद आहे, आणि तरीही त्यांचे नाव किती जणांना सांगता येते? गंमत नसल्याने दाबके विसरले गेले आणि गंमत असल्याने साळुंके चुकीचे लक्षात राहिले. दोन्ही ठिकाणी उणीव एकच आहे: चित्रपट हा कष्टांचा धंदा आहे आणि तो करणाऱ्यांची कारकीर्द असते, ही गोष्ट आपण दिग्दर्शकापुरतीच मानतो. फाळक्यांच्या जिद्दीवर आपण व्याख्याने देतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या जिद्दीला ज्यांनी चेहरे दिले ते फाळक्यांच्या चरित्रातले किस्से बनून राहतात.

१४ मार्च १९३१ ला गिरगावातच मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. साळुंक्यांचे काम याच वर्षाच्या आसपास थांबलेले दिसते. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीने हरिश्चंद्राचीच कथा पुन्हा घेतली. ‘अयोध्येचा राजा’मध्ये गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे: प्रतिष्ठित घरातल्या, शिकलेल्या, आवाज लाभलेल्या. तारामतीला वाचा फुटली. त्याआधी एकोणीस वर्षे, दादरच्या मेन रोडवर, डोक्यावरचा पदर सावरत आणि सूर्य ढगाआड जाण्याआधी प्रसंग पुरा होईल ना याकडे सगळ्यांचे लक्ष लागलेले असताना, ती सारी कहाणी अण्णा साळुंक्यांना नुसत्या मानेने आणि हातांनी सांगावी लागली होती.